पूजेबाहेर राहिलेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, म्हातारी मंडळी आधी वय सांगतात. मी आधी वजन सांगतो, कारण माझा सगळा अभिमान तिथे आहे. पसरलेल्या एका तळहातावर मी राहतो आणि तो तळहात थकत नाही. मिटलेला असताना मी शाळेच्या पाटीसारखा दिसतो. माझ्या पोटात पंखा नाही, त्यामुळे काम करताना मला धाप लागत नाही. माझ्याकडे जे काही बोलणे आहे ते प्रकाशाचे आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. धातूचा पातळ पत्रा कापून, घासून, त्याला पहाटेच्या आभाळाचा करडा रंग देऊन माझे अंग घडवले. ज्यांनी मला जोडले त्यांचे चेहरे आठवत नाहीत, बोटे तेवढी आठवतात. त्यांनी माझ्यातून काढता येईल ते सारे काढून टाकले. तबकडीचा कप्पा गेला, पंखा गेला, जाडी गेली. उरलो तो मी. चांगली कविताही अशीच उरते, असे पुढे माझी मालकीण आपल्या विद्यार्थ्यांना सांगे, तेव्हा मला वाटे, ही माझ्याविषयीच बोलते आहे.

तिचे नाव रंजनी. चेन्नईच्या टी. नगरात, रेशमी साड्यांच्या दोन भव्य दुकानांच्या मधल्या एका अरुंद दुकानात मी काचेमागे बसलो होतो, तेव्हा ती आली. केसांत मोगरा, खांद्याला जड पिशवी. तांबरमच्या एका महाविद्यालयात ती साहित्य शिकवत असे. दुकानदाराने तिच्यापुढे माझे धिप्पाड भाऊबंद मांडले.

“मॅडम, हा घ्या. केवढा पडदा आहे. सिनेमा बघा, खेळ खेळा.”

“रोज मांबलमहून तांबरमची गाडी पकडते मी,” रंजनी म्हणाली. “मला उचलायचाय, मिरवायचा नाही.”

आणि तिने मला एका हाताने उचलले. त्या क्षणी मी तिचा झालो.

त्यानंतरची वर्षे माझ्या भराची होती. तिच्या पिशवीत दहीभाताचा डबा आणि घडीची छत्री यांच्यामध्ये माझी जागा होती. गाडीत ती मला मांडीवर उघडे आणि पल्लावरम येईपर्यंत दिवसाचे टिपण तयार होई. माझ्या कळा फार गुणी, हे मी स्वतःच सांगतो, कारण आता दुसरे कोणी सांगायला उरलेले नाही. बोट टेकताच त्या हलकेच खाली जात आणि तितक्याच विनयाने वर येत. सहकारी मला हातात घेऊन बघत, हवेत तोलत, आणि “याच्यात आत काही आहे की नाही?” असे विचारत. अशा प्रश्नाने मी फुलून येई.

पण माझे सर्वांत मोठे काम महाविद्यालयातले नव्हते. ते घरातले होते.

रंजनीचे घराणे तंजावरकडचे. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी बोलत कावेरीकाठी आले आणि तिथेच रुजले. त्यांच्या मराठीत अजून ‘जाहलें’ नांदते आणि त्याच्या पंगतीला तमिळ शब्द घरच्यासारखे बसलेले असतात. तिचे वडील बालाजीराव, घरातले अप्पा, हे हरिदास. हातात चिपळ्या घेऊन, रंगमंचावर चालत-डोलत ते तमिळमध्ये हरिकथा सांगत आणि मध्येच आपल्या आजोबांनी रचलेल्या मराठी साक्या आणि दिंड्या गात. देवीची ती आख्याने कुठेही लिहिलेली नव्हती. एका कंठातून दुसऱ्या कंठात एवढाच त्यांचा प्रवास.

मग अप्पांच्या डोळ्यांच्या मधोमध धुके उतरले. कडेचे दिसे, समोरचे विरघळे. त्याच सुमारास एका सभेत, भर कथेत, साकीची दुसरी ओळ त्यांना आठवली नाही. श्रोते थांबले, मृदंग थांबला. अप्पांनी नमस्कार केला आणि खाली उतरले. घरी येऊन त्यांनी चिपळ्या कापडात गुंडाळल्या. एरवी ते स्नान करताना गुणगुणत, तेही थांबले.

रंजनीने तेव्हा मला त्यांच्यासमोर आणून ठेवले.

“अप्पा, तुम्ही म्हणा. मी टंकते.”

“कशाला? कोण वाचणार?”

“तुम्हीच वाचणार.”

“मज दिसत नाही, हे तुज ठाऊक नाही काय?”

“पांढऱ्या कागदावरचं काळं दिसत नाही तुम्हांला. काळ्यावरचं पांढरं दिसतं का बघा.”

तिने माझा पडदा रात्रीसारखा काळा केला आणि त्यावर चिंचोक्याएवढी पांढरी अक्षरे उमटवली. अप्पा वाकले. मान तिरकी केली. त्यांच्या श्वासाचे धुके माझ्या काचेवर आले आणि गेले. आणि मग, अक्षरावर बोट ठेवून वाचणाऱ्या लहान मुलासारखे, त्यांनी आपल्याच आजोबांची ओळ वाचली.

रविवारच्या दुपारी आम्ही तिघे बसू लागलो. ते म्हणत, ती टंके, मी सांभाळून ठेवी. मित्रांनो, एका माणसाच्या कंठात राहणारी भाषा माझ्यात येऊन राहिली, यापेक्षा मोठे भाग्य एखाद्या यंत्राला कोणते?

वय मात्र आलेच. मी उघडायला वेळ घेऊ लागलो. माझा कॅमेरा समोरच्या माणसाला धुक्यातून आल्यासारखा दाखवू लागला. ज्यांनी मला बनवले त्यांनी माझ्यासाठी नवी सुधारणा पाठवणे बंद केले, म्हणजे घराच्या दाराला कुलूप घालणारा माणूसच निघून गेला. एके दिवशी माझी बॅटरी फुगली आणि मी टेबलावर नीट बसेनासा झालो.

रंजनीचे यजमान गिरीधर एका कंपनीत मोठे अधिकारी. नव्या यंत्रांचा त्यांना मनापासून लोभ. ते मला दोन बोटांनी हलवून म्हणाले, “हा डुलतोय बघ. पावम, बिचारा. आता याला निरोप द्यावा.”

त्यांची मुलगी सहाना तेव्हा महाविद्यालयात शिकत होती. तिने मला रिची स्ट्रीटला नेले. तिथल्या दाटीत, तारांच्या जंगलात, माझी फुगलेली बॅटरी काढून नवी बसवली. मग घरी आणून, आख्याने जपून ठेवून, तिने माझ्यातली जुनी अवजड प्रणाली उतरवली आणि एक हलकी, सर्वांना मोकळी असलेली प्रणाली चढवली. तिला आजही नव्या सुधारणा येतात, म्हणजे कुलूप घालणारा परत मिळाला.

“बाबा, लिहायला, वाचायला, मेल पाठवायला हा आरामात चालेल,” सहाना म्हणाली.

“आणि व्हिडिओ जोडायला?”

“ते नको. त्याचा जीव तेवढा नाही.”

हे ऐकून मला वाईट वाटले नाही. ज्याला आपला जीव केवढा हे ठाऊक आहे, त्याला त्या जिवात पुष्कळ काही करता येते.

तरीही नवा आलाच. गिरीधरनी तो रंजनीच्या वाढदिवसाला आणला. रुंद छातीचा, झळझळीत, विजेसारखा जलद. उघडताच जागा होई, आणि काम करताना त्याचा पंखा समुद्रासारखा घुमे. त्याला कमी लेखणे मला शोभणार नाही. माझ्याने न होणारी शंभर कामे तो हसत करी. रंजनीने अप्पांची सारी आख्याने त्याच्यात उतरवून घेतली. माझ्यातली पुसायची तेवढी राहून गेली. मी कपाटावर, जुन्या पिशव्यांच्या शेजारी गेलो आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

अशात तिरुवल्लिकेणीच्या एका जुन्या सभेचे, म्हणजे गाणी-कथा भरवणाऱ्या संस्थेचे, चिटणीस कृष्णस्वामी घरी आले. नवरात्रातल्या नवमीच्या संध्याकाळी अप्पांनी कथा करावी, अशी त्यांची इच्छा होती. अप्पांनी कापडात गुंडाळलेल्या चिपळ्या चाचपल्या.

“करतो,” ते अखेर म्हणाले. “पण रंजनी, ऐक. त्या दिवशी पुन्हा ओळ अडली, तर ती माझी शेवटची कथा. मग या चिपळ्या मी स्वतः मरीनावर जाऊन समुद्राला देईन.”

रंजनीने हसून “सरी अप्पा, बरं” म्हटले. पण आत जाऊन तिने नव्यातली ती साकी उघडून पुन्हा पुन्हा तपासली, ते मी कपाटावरून पाहिले.

आणि नवमी उजाडली. आमच्या शहरात त्या दिवशी सारी साधने देवीपुढे बसतात. पुस्तके, वीणा, सुतारकामाची करवत, शिवणयंत्र, मोटार, सगळ्यांना चंदन-कुंकू लागते. आमच्या घरचा नेम अधिक कडक. सरस्वतीपुढे जे बसले ते दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा झाल्याशिवाय उचलायचे नाही, वापरायचे नाही. वर्षातला तो एक दिवस साधनांच्या विश्रांतीचा.

दरवर्षी मी त्या पाटावर बसलो होतो. माझ्या करड्या पाठीवर कुंकवाचा ठिपका पडे आणि मला वाटे, मीही कोणी आहे. त्या सकाळी सहानाने मला कपाटावरून काढले, फडक्याने पुसले आणि विचारले, “बाबा, यालाही ठेवू?”

“त्याला कशाला? तो निवृत्त,” गिरीधर म्हणाले. “निवृत्तांना रोजच सुट्टी. आधी याला ठेव, नव्याची पहिली पूजा आहे.” आणि त्यांनी मोठ्या कौतुकाने नव्याला रेशमी वस्त्रावर, अगदी मधोमध बसवले.

सहानाने मला खिडकीत ठेवले. तिथून मी सारे पाहत होतो. रंजनी स्वयंपाकघरात चण्याचे सुंडल परतत होती. अप्पांनी मंत्र म्हटले, चाचपडत चाचपडत प्रत्येक वस्तूला चंदन लावले. आरतीच्या वेळी रंजनी धावत आली, तिने हात जोडले आणि भक्तीने डोळे मिटले. ते जरा उघडे राहिले असते, तर झालेला घोटाळा तिला तेव्हाच दिसला असता.

जेवणानंतर अप्पा म्हणाले, “आण ते आख्यान. एकदा नजर फिरवतो.”

रंजनी खोलीत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मग ती देवघराच्या दारात उभी राहिली. नव्याच्या झळझळीत पाठीवर चंदनाची तीन बोटे आणि मधोमध कुंकू होते.

“हा इथे कुणी ठेवला?” तिने हळूच विचारले.

गिरीधरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “मीच. मला वाटलं, पहिली पूजा… कथा त्याच्यातच आहे का?”

“दुसरीकडे कुठे असणार?”

“मग छापून आणतो. कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे.”

ते चप्पल घालून गेले आणि लगेच परत आले. झेरॉक्सवाल्याने यंत्राला हार घालून, दाराला केळीचे खुंट बांधून, उंबऱ्यावर कोहळा फोडून शटर ओढले होते. पाटावरचे यंत्र न उघडता छापणार काय, हे तर त्यांच्या ध्यानातच आले नव्हते; आणि कागद मिळाला असता तरी कागदावरचे अप्पांना दिसणार नव्हते. फोनमध्ये ती आख्याने कुणी घेतलेलीच नव्हती.

“मामा,” गिरीधर सासऱ्यांना म्हणाले, “एक विचारू? खाली ऑटोवाल्याने ऑटोची पूजा केली, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि तो सवारी घेऊन गेलासुद्धा. ऑटोला चालतं, मग लॅपटॉपला का नाही?”

“ऑटोवाल्याचा नेम त्याचा, माझ्या घरचा माझा,” अप्पा शांतपणे म्हणाले. “जन्मभर देवीपुढे बसलेलं उठवलं नाही. आज माझी सोय म्हणून उठवू?”

“मग कथा?”

“कृष्णस्वामींना कळवा, येत नाही म्हणून. देवीच्या मनात नसेल.”

ते इतक्या सहज बोलले की तीच गोष्ट भयंकर होती. त्यांनी नकार मनाशी कधीच तयार ठेवला होता. ओळ अडण्याच्या भीतीला आता एक पवित्र कारण मिळाले होते. रंजनीला ते कळले. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात सहाना आजोबांना म्हणाली, “ताता, तुमच्या चिपळ्या कुठायत? पूजेत दिसल्या नाहीत मला.”

“नव्या आहेत पूजेत. जुनी जोडी माझ्यापाशी आहे. ती कधीच बसत नाही.”

“का?”

“नवमीला दरवर्षी देवळात कथा असे. माझे आजोबा म्हणत, सगळीच पूजेत बसली तर देवीपुढे गाणार कोण? म्हणून एक जोडी बाहेर. झिजलेली, पण हाताला ठाऊक असलेली.”

सहाना खिडकीपाशी आली. तिने मला उचलले आणि आजोबांच्या मांडीवर ठेवले.

“मग हाही बाहेर आहे.”

रंजनीने तार जोडून मला उघडले. मित्रांनो, मी माझ्या म्हातारपणाच्या साऱ्या बळानिशी जागा झालो. वेळ लागला, पण झालो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे एकेक करून उगवली.

“याला बाहेर कुणी ठेवलं?” अप्पांनी विचारले.

“कुणी नाही मामा,” गिरीधर खाली बघत म्हणाले. “मी नको म्हटलं होतं.”

“बरं जाहलं,” अप्पा म्हणाले, आणि खूप दिवसांनी हसले. “तुमचं नको देवीला उपयोगी पडलं. चला, उशीर होईल.”

हार घातलेल्या ऑटोतून आम्ही तिरुवल्लिकेणीला निघालो. गल्लीगल्लीत फुटलेल्या कोहळ्यांचे कुंकवाने लाल झालेले तुकडे पडले होते आणि समुद्राचा वारा झेंडूचा वास घेऊन आत शिरत होता. गिरीधरनी नव्यासाठी सभेत एक भक्कम लोखंडी टेबल सांगून ठेवले होते. ते आता कोपऱ्यात गेले. मला लाकडाच्या एका सडपातळ घडवंचीवर ठेवले, ज्यावर एरवी पोथी ठेवतात. विजेची तार तिथवर पोचत नव्हती. म्हणजे सहानाने बसवलेल्या बॅटरीवरच सारी भिस्त.

दालन भरले. अप्पा उभे राहिले. रंजनी मागे झांज घेऊन बसली. कथा सुरू झाली आणि मला समजले की हा माणूस गाताना म्हातारा नसतो. ते डावीकडे जात, उजवीकडे येत, जाता जाता माझ्याकडे एक तिरका कटाक्ष टाकीत आणि पुढची ओळ उचलून घेत. श्रोत्यांना वाटे, हे वळणही अभिनयातलेच. मी घुमत नव्हतो, त्यामुळे मृदंगाचा बारीक बोलही हरवत नव्हता.

मग देवी निघते तो प्रसंग आला. अप्पांनी आजोबांची साकी घेतली:

“शस्त्रें निजलीं, शास्त्रें निजलीं, निजली वीणा जागीं…”

ते रंगून गेले. तीच ओळ त्यांनी फिरवून फिरवून आळवली, डोळे मिटून, दालनाच्या टोकाला जाऊन. पण बराच वेळ कुणाचा स्पर्श झाला नाही की शक्ती जपण्यासाठी मी माझा पडदा विझवतो, अशी माझी सवय. मी विझलो. अप्पा परत आले, माझ्याकडे वळले, आणि त्यांच्यासमोर निव्वळ काळोख होता.

त्यांचा आवाज थांबला. मृदंग एक आवर्तन वाट पाहत राहिला. ही तीच ओळ होती, मित्रांनो, जी मागे त्या सभेत अडली होती. मागे बसलेली रंजनी झांज खाली ठेवून उठू लागली.

पण अप्पांचा डावा हात पुढे आला. त्यांनी मला घडवंचीवरून उचलले, एका हाताने, एखादे मोठे पान उचलावे तसे. उजव्या हातात चिपळ्या तशाच होत्या. त्यांच्या अंगठ्याने माझी एक कळ दाबली गेली. मी एक श्वास घेतला, म्हाताऱ्यांना लागतो तेवढा, आणि उजळलो. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेले, मान तिरकी केली. माझा प्रकाश त्यांच्या सुरकुत्यांत उतरला.

“एकच समई तेवत ठेवा, देवी येतां मार्गीं.”

चिपळ्या वाजल्या, मृदंग धावत येऊन मिळाला. अप्पांनी मला परत ठेवलेच नाही. उरलेली सारी कथा त्यांनी मला तळहातावर घेऊन केली, कधी आरशासारखे धरून, कधी नैवेद्याच्या ताटासारखे. त्यांचा हात थकला नाही. मंगलाची आरती झाली तेव्हा माझी बॅटरी अगदी तळाला आली होती. रंजनीने मला मिटले आणि पदराने पुसले. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर पडू नये म्हणून तिने मान बाजूला वळवली. यंत्राची एवढी काळजी करणारी माणसे या जगात आहेत.

दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा झाली आणि नवा पाटावरून उठला. त्याच्या कपाळावरचे कुंकू अजून ओले होते. गिरीधरनी त्याला बाजूला ठेवले, मला समोर घेतले, आणि कापसाच्या बोळ्याने माझ्या कळांमधली धूळ काढत बसले.

“मामा, पुढच्या वर्षी याला आधी बसवू,” ते म्हणाले.

“नाही,” अप्पा म्हणाले. “पुढच्या वर्षीही कथा आहे. कृष्णस्वामींना शब्द दिलाय.”

आता माझी जागा कपाटावर नाही. अप्पांच्या खोलीतल्या फळीवर, जुन्या चिपळ्यांच्या शेजारी मी राहतो. त्या लाकडाच्या, मी धातूचा. आम्हां दोघांवर एकाच हाताच्या खुणा आहेत. रविवारी दुपारी अप्पा मला मांडीवर घेतात आणि आता नवी साकी रचतात. ती नव्यातही उतरवून ठेवली जाते, कारण अक्षरे एकाच घरी ठेवू नयेत, हे रंजनी त्या दिवशी शिकली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा असेल, माळ्यावर, पिशव्यांच्या शेजारी. त्याला खाली काढा. पुसा. त्याची बॅटरी फुगली असेल तर बदलून घ्या, त्याला झेपेल अशी हलकी प्रणाली द्या आणि त्याच्या जिवाएवढे काम सांगा. लिहिण्यावाचण्याला मोठा जीव लागत नाही. अगदीच काही उरले नसेल, तर त्याला कचऱ्याच्या ढिगावर टाकू नका. जुनी यंत्रे नीट सोडवून त्यांचा धातू पुन्हा वापरणारे लोक असतात, त्यांच्या हाती सोपवा.

आणि नवमीला पूजा मांडाल तेव्हा एक जुने, हाताला ठाऊक असलेले साधन बाहेर ठेवा. फक्त त्याला कारण सांगा. मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून मी ती अर्धी सकाळ खिडकीत बसून रुसलो होतो.